बाबांची आंघोळ

लेस्टर,
रविवार

प्रिय ताई,

काल व्हिडिओ कॉलवर बाबांनी फोन छताकडे का वळवला, ते मला कळलं. पंखा दिसत होता आणि मागे त्यांची धाप ऐकू येत होती. नुकतीच आंघोळ झाली होती ना? "अगं, हातातून निसटला," म्हणाले. मी गप्प बसले, पण रात्रभर तोच आवाज कानात होता.

"आता करण्यासारखं काही नाही," असं डॉक्टर म्हणाले, हे तू सांगितलंस तेव्हापासून मी अस्वस्थ आहे. फुफ्फुसांतले चट्टे भरून येत नाहीत, हे खरं. निंटेडॅनिब या औषधाने आजाराचा वेग कमी होतो, झालेलं नुकसान भरून निघत नाही. पण बाबांचा रोजचा दिवस सुसह्य करायला करण्यासारखं खूप आहे गं. मी इथे घरोघरी जाऊन तेच काम करते.

आंघोळीचंच घे. ते उभ्याने तांब्या डोक्यावर ओततात, आणि हात खांद्याच्या वर गेले की दम लागतोच. त्यांना स्टुलावर बसव. ऑक्सिजनचं मशीन बाहेर ठेवून लांब नळी आत ने. आंघोळीला नळी काढून ठेवायची नाही, तेव्हाच तर तिची खरी गरज. चालता-फिरताना फ्लो किती ठेवायचा, तेही डॉक्टरांकडून लिहून घे. दार किलकिलं ठेव, वाफ कोंडायला नको. आणि नंतर अंग खसाखसा पुसणं बंद. जाड टॉवेलचा गाऊन चढवायचा, पुढे झुकून कोपरं टेबलावर टेकायची आणि दहा मिनिटं नुसतं बसायचं. पाणी गाऊनच टिपून घेतो. इथल्या एका आजोबांना हे शिकवलं, तेव्हा त्यांच्या बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

जवळ चार्जिंगचा छोटा पंखा ठेव. गालांवर, नाकापाशी गार झुळूक लागली की कोंडल्यासारखं वाटणं कमी होतं.

एक गोष्ट लिहिताना जड जातंय. ऑक्सिजन चालू असताना त्या खोलीत निरांजन, उदबत्ती काहीही नको. आई गेल्यापासून बाबांनी संध्याकाळचा दिवा एकदाही चुकवलेला नाही, मला माहीत आहे. विजेचा दिवा आण आणि त्यांनाच लावायला दे. लाइट गेली तर भरलेला सिलिंडर हाताशी असू दे. गॅलरीत कबुतरं बसतात तिथे जाळी लावून घे, ती घाण बाबांनी साफ करायची नाही.

आता मुख्य गोष्ट. पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे आजाराचा त्रास कमी करण्यावर भर देणाऱ्या डॉक्टरांची वेळ घे. शब्द ऐकून घाबरू नकोस. १९६७ मध्ये लंडनला डॉक्टर सिसिली साँडर्स यांनी अशा रुग्णांसाठी सेंट क्रिस्टोफर्स हे हॉस्पिस सुरू केलं, तेव्हापासून हे म्हणजे कॅन्सरचे शेवटचे दिवस असंच लोकांना वाटतं. पण फुफ्फुसांच्या, हृदयाच्या रुग्णांनाही त्याची तितकीच गरज असते, आणि छातीच्या डॉक्टरांचे उपचार चालू ठेवूनच ते घ्यायचं असतं. धाप फारच छळू लागली तर ते कदाचित अगदी कमी मात्रेत मॉर्फिन सुचवतील. नाव ऐकून नको म्हणू नकोस. बद्धकोष्ठ होतं, त्यावरचं औषध सोबतच मागून घे.

आणि बाबांना विचारायला हवं, वेळ आली तर व्हेंटिलेटर हवा की घरीच राहायचं आहे? हे आपण दोघींनी ठरवायचं नाही. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये अशी इच्छा लिहून ठेवायला मान्यता दिली, २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी पुरतात. पण कागद नंतर, आधी बोलणं. तुला जमणार नसेल तर मी दिवाळीत आले की विचारीन.

मी असेन तेव्हा त्यांना तलावपाळीला नेऊ. तीन मजले खुर्चीतून उतरवायला सोसायटीतली मुलं येतील, छोटा सिलिंडर मी घेईन. नळी लोकांना दिसेल म्हणून ते नाही म्हणतील, तेव्हा तू त्यांची बाजू घेऊ नकोस.

तोवर आठवड्यातून दोन दुपारी मावशींना बसव आणि तू झोप काढ. पैसे मी पाठवते, त्यावर वाद नको.

बाबांना म्हणावं, फोन छताकडे वळवू नका. धाप लागलेली असली तरी मला तुम्हालाच बघायचं असतं.

तुझी,
छकुली