शहापूरच्या रिपेरीवाल्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

गणपतीच्या आधी तुम्ही खानापूरला आमच्या घरी येऊन गेलात. चहा अर्धा टाकून शेवटची बस गाठायला पळालात, आभार तोंडातच राहिले. ते इथं सगळ्यांसमोर मानतोय, कारण आमच्यासारखे अडकलेले अजून असतील.

निवृत्तीच्या पैशातून बाबांनी छातीएवढे उंच दोन टॉवर स्पीकर घेतले ते कुमार गंधर्वांसाठी. १९२४ साली कुमारजी जन्मले ते आपल्या बेळगावजवळच्या सुळेभावीत, हे घरी येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगतात. पण आवाज वाढवला की तार सप्तकातला स्वर चिरकायचा आणि पंधरा-वीस मिनिटांत रिसीव्हर, म्हणजे घरातल्या सगळ्या स्पीकरना ताकद देणारा डबा, आपोआप बंद पडायचा. एका दुकानात सांगितलं, रिसीव्हरचे शंभर वॅट या स्पीकरना जास्त होतात, कमी वॅटचा घ्या. तेवढ्यात डाव्या स्पीकरमधला ट्वीटर, म्हणजे वरचे स्वर वाजवणारा छोटा भाग, तोच गेला. बाबा काही बोलले नाहीत. स्पीकरवर चादर घातली, बस्स.

तुमच्याकडे आलो तेव्हा मी वॅटचाच पाढा लावला होता. तुम्ही म्हणालात, "वॅट ऱ्हाऊ दे. स्पीकरच्या पाठीवर काय लिवलंय बघून आलायस काय?" पाहिलंच नव्हतं. लिहिलं होतं ४ ओहम. ओहम म्हणजे स्पीकर करंटला किती अडवतो ते; आकडा कमी तेवढा करंट जास्त. आणि रिसीव्हरचे शंभर वॅट होते ६ ओहमला, १ किलोहर्ट्झला म्हणजे एकाच स्वरावर, आणि एकच चॅनल म्हणजे एकाच स्पीकरची बाजू चालू असताना. व्होल्टेज तेच ठेवून ८ ओहमच्या जागी ४ ओहम जोडले की करंट दुप्पट ओढला जातो, हे तुम्ही बिलाच्या पाठीमागं गणित मांडून दाखवलंत. माहितीपत्रकातले ८६ डेसिबल, म्हणजे स्पीकर किती मोठा वाजतो तो आकडा, तेही २.८३ व्होल्टला मोजलेले. ४ ओहमला तेवढ्या व्होल्टेजला एक नव्हे, दोन वॅट लागतात. म्हणजे एका वॅटला खरे ८३च. वॅट दुप्पट केले तरी आवाज वाढतो ३ डेसिबल; कानाला दुप्पट वाटायला १० डेसिबल, म्हणजे दहापट वॅट पाहिजेत.

ट्वीटर जास्त ताकदीनं नाही, कमी पडलेल्या ताकदीनं जळला, हे मला आधी पटेना. तुम्ही वहीत एक लाट काढलीत आणि तिचा माथा पट्टीनं कापलात. रिसीव्हर दमला की लाटेचा माथा असा सपाट होतो, त्यातून नको ते वरचे स्वर तयार होतात आणि ते सगळे नाजूक ट्वीटरच्या कॉईलवर जाऊन पडतात. मग मल्टिमीटर लावून दाखवलात. कॉईल तुटलेली होती.

घरी आल्यावर कशालाही हात लावायच्या आधी तुम्ही रिसीव्हरच्या डोक्यावर तळवा टेकवलात. "चुलीवर ठेवल्यागत तापालंय की हे!" शोकेसच्या बंद कप्प्यातून तो बाहेर काढलात. समोरच्या दोन टॉवर स्पीकरसाठी रिसीव्हरच्या प्री-आऊटला, म्हणजे बाहेरचा अ‍ॅम्प जोडायच्या जागी, तुमच्या दुकानातला जुना दोन चॅनलचा अ‍ॅम्प जोडलात, ४ ओहम झेपणारा. मधला आणि मागचे स्पीकर रिसीव्हरकडेच ठेवलेत. नवा रिसीव्हर घ्यायला मी तयार होतो. तुम्ही नको म्हणालात. ट्वीटरचे तेवढे पैसे घेतलेत आणि म्हणालात, "आठ दिवस ऐका, मग बघूया."

बाबांनी त्या रात्री लावलं, आणि गाणं सुरू व्हायच्या आधी नुसता तानपुराच दोनदा ऐकला. मग तबल्याच्या बायाँवरची थाप आली. एरवी तिथंच आवाज फाटायचा. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि आणखी थोडा वाढवला. चादर आईनं केव्हाच धुऊन ठेवली होती.

अ‍ॅम्प आता परत देणार नाही. रविवारी पैसे घेऊन येतो, आईनं घरचे काजू भाजून बांधलेत तेही. बाबाही येणार म्हणतात. उजव्या ट्वीटरची कॉईल तेवढी एकदा मोजून द्या.

तुमचा,
खानापूरचा टॉवरवाला