सिझेरियननंतर सांभाळणाऱ्या सिस्टरांचे आभार

सिझेरियननंतर ज्या सिस्टरांनी मला सांभाळलं, त्यांची नावं मला ठाऊक नाहीत. ड्युट्या बदलत गेल्या, चेहरेही.

ऑपरेशन डॉक्टरांनी केलं, पण मला उभं केलंत तुम्ही. टाके उसवतील या धास्तीनं मी हलतच नव्हते. आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे, कोपरावर जोर देऊन बसायचं, चक्कर येत नाही ना बघायचं, मगच पाऊल. लवकर चाललं की पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका कमी होतो, हे समजावून सांगितलंत म्हणून हिंमत झाली. खोकताना पोटावर उशी दाबून धरायची, हे तर मला आधी कुणीच सांगितलं नव्हतं! बाळाला काखेशी धरून पाजायला शिकवलंत, टाक्यांवर भार येऊ दिला नाहीत. दुखणं असह्य व्हायच्या आत गोळी हातात असायची. रक्तस्राव तपासताना पडदा ओढायला कुणीही विसरलं नाही. ती अदब माझ्या लेखी औषधाइतकीच मोलाची.

आणि रात्रपाळीच्या त्या सिस्टर! मी रडत होते, तेव्हा काही न विचारता त्यांनी बाळाला उचललं आणि म्हणाल्या, "तू झोप, मी आहे इथे."

तुम्हा सगळ्यांचे अगदी मनापासून आभार.