आकडा निम्म्यावर आला, पण कशामुळे?

नाशिक, इंदिरानगर
जानेवारी 2026

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला गावातल्या अपघातांचा तक्ता बघितला. फोटो तिरका आहे, शेवटचा रकाना अर्धा कापला गेलाय, तरी बाकीचं वाचता आलं. फोनवर सांगायला गेले तर तू साइटवर, मागे रोलरची घरघर, म्हणून बसून लिहिते आहे. सांख्यिकी कार्यालयात असले तक्ते वर्षानुवर्षं माझ्या हाताखालून गेले. ग्रामीण पोलिसांचा कागद वेगळा, शहर आयुक्तालयाचा वेगळा, आणि दोन्ही जुळवता जुळवता मार्च संपायचा. तेव्हा या बाबतीत तरी माझं ऐक.

तुझे साहेब म्हणतात, जिल्हा रस्ता सुरक्षा समितीच्या बैठकीत एक ओळ घाल की तुमच्या रस्ते उपविभागाने केलेल्या उपाययोजनांमुळे गावातले अपघाती मृत्यू निम्म्यावर आले. मृत्यू कमी झाले एवढं लिही. ते कशामुळे कमी झाले हे अजून तुला माहीत नाही, साहेबांनाही नाही.

आधी गाव केवढं ते बघ. समज, तिथे वर्षाला सरासरी 16 माणसं रस्ते अपघातात मरतात. रस्ता तोच, माणसं तीच, पोलीसही तेच, काही म्हणजे काही बदललं नाही, तरीही एखाद्या वर्षी 10 येतील आणि एखाद्या वर्षी 22. अशा मोजणीत योगायोगाची चढउतार सरासरीच्या वर्गमुळावरून धरतात. सोळाचं वर्गमूळ चार. त्याच्या दुप्पट, म्हणजे आठ खाली आणि आठ वर, एवढी हालचाल नुसत्या योगायोगाने होऊ शकते. 8 पासून 24 पर्यंत काहीही आलं तरी त्यात बातमी नाही. देशाच्या आकड्याचं तसं नसतं. 2022 मध्ये देशभरात 1,68,491 माणसं अपघातात गेली. त्याचं वर्गमूळ 410 च्या घरात, दुप्पट केलं तरी अर्ध्या टक्क्याच्या आतच. म्हणून 2021 च्या 1,53,972 वरून तो आकडा एवढा चढला तेव्हा ती वाढ खरीच होती, तिथे योगायोगाला जागा नव्हती. तुझ्या गावात सोळाचे आठ झाले तर मी एवढंच म्हणेन की आणखी दोन वर्षं थांब.

शिवाय हे गणितसुद्धा प्रत्येक अपघातात एकच माणूस जातो असं धरून केलेलं. प्रत्यक्षात तसं होत नाही. आपल्या जिल्ह्यातल्या देवळा गावाजवळ 28 जानेवारी 2020 ला एसटी बस आणि रिक्षा धडकून दोन्ही रस्त्याकडेच्या विहिरीत गेल्या, 26 माणसं गेली. अपघातांच्या रकान्यात तो 1, मृतांच्या रकान्यात 26. इथे नाशिकमध्ये 8 ऑक्टोबर 2022 च्या पहाटे औरंगाबाद रोडवर मिर्ची हॉटेल चौकात खासगी बस पेटली, 12 जण गेले. तोही रकान्यात 1. अशा एका सकाळीमुळे छोट्या तालुक्याचं वर्ष भयानक ठरतं आणि पुढचं वर्ष आपोआप 'सुधारलेलं' दिसतं. म्हणून दोन्ही रकाने शेजारी ठेवून वाचायचे. (त्या विहिरीला रस्त्याच्या बाजूने पुरेसा कठडा होता का, हा प्रश्न मात्र कुठल्याच रकान्यात बसत नाही. तुझ्या हद्दीत रस्त्यालगतच्या विहिरी किती आहेत, हे एकदा मोजून ठेव.)

आता तुमचे रबरी गतिरोधक आणि पांढरे पट्टे. ते आले कधी? तू मागे म्हणाला होतास, आदल्या वाईट वर्षात लोकांनी रास्ता रोको केला, त्यानंतर. मग बघ, जे वर्ष नेहमीपेक्षा फार वाईट गेलं त्याच्या पुढचं वर्ष बहुतेक वेळा बरंच जातं, तुम्ही काही करा अथवा न करा. ताप सगळ्यात जास्त चढला त्या रात्री अंगारा लावायचा, सकाळी ताप उतरला की अंगाऱ्याला श्रेय, तसलाच हा प्रकार. गतिरोधक वाईट आहेत असं मी म्हणत नाही. त्यांनी काम केलं का, हे बघायचं असेल तर जिथे बसवले तिथल्या ओळी वेगळ्या काढ आणि जिथे काहीच केलं नाही तिथल्या वेगळ्या. दोन्हीकडे सारखीच घट असेल तर काय समजायचं ते तूच ठरव.

यातली मेख मात्र वेगळीच आहे. तक्त्यात जे आलंच नाही त्याचं काय?

जखमींचा रकाना सगळ्यात कच्चा. दोन मोटारसायकली घासल्या, एकाचा हात मोडला, चार लोक जमले, खर्चाचे पैसे ठरले, आपसात मिटलं. तो हात कुठल्याच तक्त्यात नसतो. केरळात 2022 मध्ये 43,910 अपघात नोंदले गेले आणि 4,317 मृत्यू. आपल्या महाराष्ट्रात अपघात 33,383 आणि मृत्यू 15,224. म्हणजे तिथे शंभर अपघातांमागे दहाही नाहीत, आपल्याकडे पंचेचाळीसच्या वर. आता एवढ्या साध्या आकड्यांवरून लोक निबंध लिहितात की आपले अपघात जीवघेणे आणि केरळातले सौम्य. आपले महामार्ग लांब, वेग जास्त, हे थोडंफार खरं असेलही. पण मला विचारशील तर तिकडे मोडलेला हातही कागदावर येतो आणि आपल्याकडे माणूस मेला तरच कागद हलतो, हा फरक त्यात मोठा आहे. त्यामुळे पुढच्या वर्षी तुझ्या गावात नोंदी नीट व्हायला लागल्या आणि अपघातांचा आकडा दीडपट झाला, तर घाबरू नकोस. साहेब घाबरतील, त्यांना हा परिच्छेद वाचून दाखव.

मृतांचा आकडाही मी डोळे झाकून घेणार नाही. गंभीर जखमीला तुमच्या ग्रामीण रुग्णालयातून इकडे नाशिकला हलवतात. तो इथे आठ-दहा दिवसांनी दगावतो. अकस्मात मृत्यूची नोंद इथल्या, रुग्णालयाच्या हद्दीतल्या ठाण्यात होते, मग ते कागद टपालाने तुमच्या ठाण्यात. नियम असा की अपघातानंतर 30 दिवसांच्या आत माणूस दगावला तर तो अपघाती मृत्यूच धरायचा आणि त्याच अपघातापुढे लिहायचा. तुझ्या तक्त्यावर तारीख आहे 2 जानेवारीची. म्हणजे डिसेंबरच्या ओळी अजून पुऱ्या व्हायच्या आहेत. त्यात डिसेंबर म्हणजे कांद्याचा मोसम, लग्नसराई आणि धुकं. फेब्रुवारीत तोच तक्ता पुन्हा मागव आणि बैठकीत 'आकडे तात्पुरते' असं खाली स्पष्ट लिही.

कारणांचा रकाना वाचून मला हसू आलं, मग वाईट वाटलं. जवळजवळ प्रत्येक ओळीत भरधाव वेग. देशाच्या अहवालातही तेच, 2022 मधले 71 टक्के मृत्यू अतिवेगाच्या खात्यात. वेगाने माणसं मरतात यात वाद नाही. पण हा रकाना भरतो कोण, कुठून? फिर्यादीवरून. आणि फिर्यादीचा साचा ठरलेला: 'ताब्यातील वाहन हयगयीने, अविचाराने, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून भरधाव वेगात चालवून...' गुन्हा माणसावरच दाखल करायचा, तेव्हा चूकही माणसाचीच लिहायला लागते. रस्त्याची परिस्थिती त्या वाक्यात येते ती ड्रायव्हरने दुर्लक्ष करण्यापुरती.

तुझी सातवी ओळ घे. वेळ 19:30 वा. चे सुमारास. मोटारसायकलची ट्रॅक्टर-ट्रॉलीला पाठीमागून धडक. कारण, मोटारसायकलस्वाराचा अतिवेग. डिसेंबरात साडेसातला किट्ट अंधार. कांद्याची ट्रॉली कशी असते ते तू लहानपणापासून पिंपळगाव-लासलगावच्या रस्त्याला बघतो आहेस. मागचा दिवा असलाच तर वायर लोंबत असते, लाल चकतीवर शेताचा चिखल वाळलेला, वर ताडपत्रीचं टोक फळक्यावरून खाली आलेलं, आणि सकाळच्या लिलावात नंबर लागावा म्हणून रात्रीच रस्त्याच्या कडेला लावून ठेवलेली, अर्धी डांबरावर अर्धी मुरमात. त्या मुलाचा वेग चाळीस असता तरी तो अतिवेगच ठरला असता, कारण त्याला पुढे काही दिसलंच नाही. वेळेचंही बघ. सगळ्या वेळा पूर्ण किंवा अर्ध्या तासावर आहेत. अपघात काही घड्याळ बघून होत नाहीत, लिहिणाऱ्याने जवळचा आकडा टाकलाय. तेव्हा 'सात ते आठ धोक्याचा तास' असला निष्कर्ष काढायचा नाही. अंधार होता की उजेड, एवढंच त्यातून घ्यायचं.

मग रस्त्याचा दोष लिहायचा कुणी? तू. ई-डारमध्ये, म्हणजे अपघात नोंदवायच्या सरकारी ऑनलाइन प्रणालीत, पोलिसांनी अपघात भरला की पुढे रस्त्याच्या खात्याच्या इंजिनिअरकडे येतो, जागेवर जाऊन रस्त्याची माहिती भरायला. ती नोंद उघडून बघ, किती ओळींत तुमचा भाग कोरा आहे. कोरा असेल तर 'रस्त्याचा दोष: निरंक' असंच वर जातं आणि तक्ता तेच बोलतो. जाताना टेप घेऊन जा, शक्यतो त्याच वेळी, अंधारात जा. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने कलम 198-अ आलंय, रस्त्याचं डिझाइन, बांधकाम, देखभाल प्रमाणानुसार नसल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर संबंधित अधिकारी, ठेकेदार यांना एक लाखापर्यंत दंड. तुझी भीती वाढवायला सांगत नाही, पण कोरा रकाना म्हणजे सुरक्षित जागा असं तुमच्याकडे समजतात, ते तसं नाही.

ब्लॅक स्पॉटच्या, म्हणजे वारंवार अपघात होणाऱ्या जागांच्या, यादीवर फार विसंबू नकोस. 500 मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यूचे किंवा गंभीर जखमींचे 5 अपघात, नाहीतर 10 मृत्यू, असा तो निकष, मुळात राष्ट्रीय महामार्गांसाठी. छोट्या गावात मृत्यू विखुरलेले असतात, एक बाजार समितीच्या फाटकाशी, एक शाळेच्या वळणावर, एक पुलाच्या अलीकडे. निकषात काहीच बसत नाही आणि यादी निरंक जाते. त्यापेक्षा चौकातल्या पंक्चरवाल्याला विचार. कुठे रोज कुणीतरी घसरतं, दुभाजकाच्या कोणत्या टोकाशी इंडिकेटरच्या काचा सापडतात, ते त्याला तोंडपाठ असतं. तो पुरावा नव्हे, पण टेप घेऊन कुठे जायचं ते त्यातून कळेल.

आलेख काढणार असशील तर 2020 पासून सुरू करू नकोस. टाळेबंदीचं वर्ष, देशात मृत्यू 1,31,714 पर्यंत उतरले होते, त्याच्याशी तुलना केली की पुढचं प्रत्येक वर्ष वाईटच दिसणार. आणि 2027 ला सिंहस्थ आहे. तेव्हा या रस्त्यांवरून किती गाड्या जातील त्याचा आत्ताच अंदाज नाही. रहदारी किती होती याचा आकडा आजच मोजून ठेवला नाही तर त्या वर्षी अपघात वाढले की गाड्या वाढल्या, कुणाला सांगता येणार नाही. दोन मुलं बसवून सकाळ-संध्याकाळ एकेक तास मोजलं तरी चालेल. त्यातच हेल्मेटही मोजून घ्या, पुढच्याचं वेगळं, मागच्याचं वेगळं.

मागच्याचं मुद्दाम सांगते. 2022 मध्ये हेल्मेट नसलेले 50,029 दुचाकीवरचे लोक गेले, त्यातले 14,337 मागे बसलेले होते. ऑगस्ट 2021 मध्ये आपल्याकडे पोलिसांनी 'हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही' काढलं तेव्हा पंपावर लोक एकमेकांचं हेल्मेट मागून घेत होते, आठवतं ना? बाबा तर अजून कोपरात अडकवूनच निघतात, सिग्नल दिसला की डोक्यावर. त्यांना मी सांगून थकले, तू सांग. आणि तुझ्या मागे बसून जो मित्र येतो त्याला म्हणावं, स्वतःचं हेल्मेट नसेल तर एसटीने ये.

तूही शनिवारी काम आटोपून रात्री निघू नकोस. रविवारी सकाळी ये, जेवायला थांब.

पाच वर्षांच्या सगळ्या ओळी मिळव, बेरजा नकोत, एकेक अपघात तारखेसह. ठाण्यात मागताना लेखी पत्र दे, तोंडी मागितलं की पुढच्या आठवड्यात ये म्हणतात. आणि मला पाठवशील ते एक्सेलमध्ये पाठव, फोटो नको, माझ्या चष्म्याचा नंबर वाढलाय.

तुझी,
आई