इसबगोलाबरोबर पाण्याचीही मात्रा सांगा

महोदय,

बद्धकोष्ठतेवर इसबगोल घेणे आपल्याकडे इतके घरगुती झाले आहे की, ते औषध आहे आणि ते घेण्याची एक रीत आहे, याचाच विसर पडला आहे. मी औषधनिर्माता म्हणून २७ वर्षे दुकान चालवले. 'पोट साफ होत नाही' म्हणून आलेल्या असंख्य ग्राहकांच्या हाती मी हे पाकीट दिले. पण त्यासोबत पाणी किती घ्यायचे, हे फार थोड्यांना सांगितले. त्याची खंत आज मला हे पत्र लिहायला लावत आहे.

गेल्या पावसाळ्यात माझ्या ८१ वर्षांच्या वडिलांनी झोपण्यापूर्वी चमचाभर इसबगोल कोरडेच तोंडात टाकले आणि वर दोन घोट पाणी प्यायले. रात्री लघवीला उठावे लागू नये म्हणून ते संध्याकाळनंतर पाणी कमीच पितात. भुशी अन्ननलिकेत फुगून अडकली, थुंकीही गिळता येईना आणि शेवटी रुग्णालयात दुर्बिणीच्या साहाय्याने तो गोळा काढावा लागला. पाकीट मीच आणून दिले होते.

ही भुशी पाणी शोषून बुळबुळीत होते, फुगते आणि मल मऊ व भरदार करते. तिचा गुण याच फुगण्यात आहे आणि धोकाही त्यातच आहे. म्हणून एक लहान चमचा भुशी पेलाभर, म्हणजे सुमारे २४० मिलिलिटर पाण्यात ढवळून, घट्ट होण्याआधी लगेच प्यावी आणि त्यावर आणखी पाणी घ्यावे. ती बसून घ्यावी, अंथरुणाला पाठ टेकण्याच्या बेतात असताना नव्हे. परिणाम दिसायला १२ ते ७२ तास लागू शकतात. हे ठाऊक नसल्यामुळे दुसऱ्याच सकाळी मात्रा दुप्पट करणारे अनेकजण मी पाहिले आहेत, आणि मग पोट फुगल्याची तक्रारही त्यांचीच असते. मात्रा थोडी ठेवून, एक-दोन आठवड्यांत हळूहळू वाढवली, तर हा त्रास बराच टळतो.

ज्यांना गिळायला त्रास होतो, ज्यांच्या आतड्यात अडथळा आहे किंवा ज्यांना हृदय वा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाणी मोजून प्यावे लागते, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय इसबगोल घेऊ नये. थायरॉइडच्या, तसेच डिगॉक्सिन, लिथियम, कार्बामाझेपिन यांसारख्या गोळ्यांचे शोषण इसबगोलामुळे कमी होऊ शकते. त्यामुळे दोहोंमध्ये निदान दोन तासांचे अंतर हवे, आणि थायरॉइडच्या गोळीसाठी ते त्याहून अधिक असलेले बरे. मधुमेहींनी चवदार, सुगंधी पुड्यांमधील साखर पाहून घ्यावी. सोनामुखी असलेली चूर्णे मात्र इसबगोलासारखी तंतुमय पदार्थांत मोडत नाहीत; ती आतड्याला उत्तेजित करतात, तरीही दुकानात दोन्ही एकाच फळीवर असतात आणि लोक एकाऐवजी दुसरे सहज घेऊन जातात.

कधी कधी बद्धकोष्ठतेचे मूळच दुसऱ्या औषधात असते. लोहाच्या गोळ्या किंवा ट्रॅमाडॉल, कोडीन यांसारखी वेदनाशामके सुरू झाल्यावर तक्रार उद्भवली असेल, तर आधी ते डॉक्टरांच्या कानावर घालावे. अशा वेदनाशामकांमुळे झालेल्या बद्धकोष्ठतेत केवळ भुशी वाढवत गेल्याने त्रास वाढू शकतो. शौचातून रक्त जाणे, वजन घटणे, पन्नाशीनंतर शौचाची सवय अचानक बदलणे, पोटदुखीसह उलट्या होणे, यांपैकी काहीही असल्यास घरच्या घरी उपाय करत बसू नये.

इसबगोल प्रामुख्याने गुजरात आणि राजस्थानात पिकते आणि गुजरातमधील उंझ्याच्या बाजारपेठेतून ते परदेशातही जाते. पुरेशा पाण्याशिवाय घेतल्यास घशात वा अन्ननलिकेत अडकून गुदमरण्याचा धोका असल्याची सूचना अशा पावडरींवर छापणे अमेरिकेने १९९० च्या दशकातच सक्तीचे केले. आपल्याच मातीत पिकणाऱ्या भुशीविषयी ही सूचना आपल्या वडीलधाऱ्यांना मराठीत, चष्म्याशिवाय वाचता येईल एवढ्या ठळक अक्षरांत मिळायला हवी, अशी माझी उत्पादकांना आणि अन्न व औषध प्रशासनाला कळकळीची विनंती आहे. तोवर माझ्या व्यवसायबंधूंनी पाकीट देताना 'पूर्ण पेलाभर पाण्यात, बसून, लगेच प्या' एवढे तरी तोंडी सांगावे.

आपला,
एक निवृत्त औषधनिर्माता, सातारा