बंद शेडला रंग देण्याआधी भाडेकरार वाचा

महोदय,

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीत कारखान्याची एखादी शेड बंद पडली, की तिथं कलावंतांना गाळे देऊन ‘कला-वसाहत’ करा, असं कुणीतरी सुचवतंच. भिंती रंगवायच्या, कॉफीचं दुकान टाकायचं, झालं. कल्पना चांगली आहे. मात्र रंग हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात शेवटी करायचा भाग आहे. त्याआधी काय करावं लागतं, यासाठी हे पत्र.

सुरुवात कागदापासून. एमआयडीसीतला भूखंड मालकाचा म्हटला, तरी तो ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यावरचा असतो. गाळा तिसऱ्याला द्यायचा तर पोटभाड्याची परवानगी आणि त्याचं शुल्क आलं. वापर बदलायचा तर ती परवानगी आणखी वेगळी. हे सगळं टाळून ११ महिन्यांच्या लीव्ह-लायसन्सवर शिल्पकार-चित्रकार आत येतात. पार्टिशन, वायरिंग, मोरी पदरच्या पैशानं करतात. जागेला नाव मिळतं, आणि बाराव्या महिन्यात मालकाला दुप्पट भाडं देणारा हॉटेलवाला भेटतो. न्यूयॉर्कच्या सोहो भागात कारखान्यांच्या मजल्यांवर राहून काम करायची कायदेशीर मुभा कलावंतांना १९७१ मध्ये मिळाली. आज तिथं उंची ब्रँडची दुकानं आहेत. म्हणून करार किमान ९ वर्षांचा, नोंदणीकृत हवा. दरवर्षीची भाडेवाढ आकड्यात लिहिलेली हवी. आणि मुदतीआधी उठवलं तर कलावंतानं केलेल्या बांधकामाचे पैसे मालकानं द्यायचे, हे कलम हवं.

नियमातला एक शब्द काय करतो, हे मुंबईच्या गिरण्यांनी दाखवलं आहे. १९९१ च्या नियमानुसार गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे व्हायचे: मोकळ्या जागेसाठी पालिकेला, घरांसाठी म्हाडाला आणि उरलेला मालकाला. २००१ च्या दुरुस्तीनं हा हिशेब फक्त गिरणीतल्या रिकाम्या जमिनीपुरता उरला, बांधकामाखालची जमीन त्यातून सुटली. पालिका आणि म्हाडाच्या हाती तुकडे आले.

आता शेड. ६० बाय १०० फुटांची, २५ फूट उंच शेड धरा. वर सिमेंटचा जुना पत्रा असेल तर त्यात बहुधा ॲस्बेस्टॉस असतं. त्याला भोक पाडायचं नाही, तो कापायचा नाही, ब्रशनं घासायचा नाही, कारण धूळ फुप्फुसात जाते. त्यावर थेट पाय ठेवायचा नाही. पत्रा फुटून माणूस खाली येतो. काही टांगायचं असेल तर ते ट्रसला, म्हणजे छत पेलणाऱ्या सांगाड्याला. रिकाम्या शेडमध्ये टाळी वाजवली तर आवाज साडेतीन-चार सेकंद घुमतो, म्हणजे नाटकाचं एक वाक्य दुसऱ्यावर चढतं. छताखाली सगळीकडे ५० मिलिमीटरची, कापडात बांधलेली रॉकवूल (आवाज शोषणारी दगडी लोकर) टांगली तर तो साधारण सव्वा सेकंदावर येतो. वर लोखंडी पन्हळी पत्रा असेल आणि खाली काहीच नसेल, तर जुलैमध्ये पावसाच्या आवाजात तालीम विसरा. जमिनीचंही बघावं लागतं. आधी तिथं क्रोम प्लेटिंग चालत असेल, तर फरशीखालची माती तपासल्याशिवाय मुलांचे वर्ग घेऊ नयेत.

आगीबाबत हयगय होते ती शटरपाशी. गाळ्याचं रोलिंग शटर म्हणजे बाहेर पडायची वाट नव्हे. तापलं की ते अडकतं, मोटरचं असेल तर वीज गेल्यावर जागीच राहतं. बाहेरच्या बाजूला उघडणारी दोन दारं, एकमेकांपासून लांब, हवीतच. वेल्डिंगवाला शिल्पकार आणि टर्पेंटाइन-थिनरवाला चित्रकार प्लायवूडच्या एका पार्टिशनच्या दोन बाजूंना बसवू नयेत. अग्निसुरक्षा यंत्रणा चालू असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र, ‘ब’ नमुना, दर जानेवारी आणि जुलैत द्यावं लागतं. मुंबईत कमला मिलच्या आवारात २९ डिसेंबर २०१७ ला आगीत १४ माणसं गेली, ती गिरणी चालू असताना नव्हे. तिथं खाणं-पिणं आल्यावर.

विजेसाठी प्रत्येक गाळ्याला स्वतंत्र सबमीटर लावा. मातीकामाची मध्यम भट्टीसुद्धा ८-१० किलोवॉट खाते आणि तिला थ्री फेज लागतो. बिल सरसकट वाटलं तर पहिलं भांडण त्यावरून होतं. सबमीटरचा दुसरा उपयोग कुणी बोलत नाही. स्वस्त गाळा घेऊन त्यात सामान भरून ठेवणारे आणि परस्पर पोटभाड्यानं देणारे सगळीकडे असतात. सलग तीन महिने मीटर पाच-सात युनिटवर अडकला असेल तर तिथं स्टुडिओ नाही, गोडाऊन आहे. भट्टीवाल्या कुंभाराचा गाळा एकदम शिंपीकामाइतकीच कमी वीज खाऊ लागला तर आत जाऊन बघावं.

पैशाचं गणित ८० टक्के गाळे भरलेले धरून मांडावं. वॉचमन, विमा आणि छताची दुरुस्ती यांचा खर्च त्या भाड्यातून निघाला पाहिजे. खाण्याच्या दुकानांना भाडं बाजारभावानं, कलावंतांना त्याच्या निम्मं. पण खाण्या-विकण्याची जागा एकूण क्षेत्राच्या पाचव्या हिश्शाच्या वर जाऊ द्यायची नाही, नाहीतर दोन वर्षांत फूड कोर्ट होतो. हेलसिंकीतला नोकियाचा जुना केबल कारखाना १९९१ पासून महापालिकेच्या मालकीची कंपनी चालवते आणि इमारतीचा खर्च भाड्यातून काढते. नाशिकलाही जागा पालिकेकडे किंवा एमआयडीसीकडे राहावी, आणि गाळेवाटपाच्या समितीत दोन वर्षांवर कुणी बसू नये.

कलावंत म्हणजे फक्त कॅनव्हासवाले, हेही डोक्यातून काढलं पाहिजे. जुन्या नाशकातल्या तांबटांना वस्तीत हातोडा चालवायचा तर दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आड येते. औद्योगिक भागात ती ७५ आहे. पहिले गाळे त्यांना द्या. शेजारचे लेथवाले, पॅटर्नमेकर, पावडर कोटिंगवाले हटवू नका. शिल्पाचा सांगाडा, नाटकाच्या सेटची फ्रेम त्यांच्याकडूनच व्हायची आहे, तीही पायी जाण्याच्या अंतरावर.

आणि काम काढायचंच असेल तर पत्र्याचं आणि पन्हळींचं आधी. मे संपायच्या आत ते झालं नाही, तर आतलं सगळं दिवाळीनंतरच.

– एक वाचक, सातपूर, नाशिक