फॉरमॅट मारायची घाई करू नका

संपादक साहेब, नमस्कार.

राजारामपुरीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. तुमच्या पेपरात ऑनलाइन फसवणुकीच्या बातम्या सारख्या असतात, किती लाख गेले, कुठल्या पोलीस ठाण्यात गुन्हा नोंद झाला, आणि खाली नागरिकांनी सतर्क राहावं. ते बरोबरच आहे, पण ज्याच्या मशीनमध्ये चोर शिरून सगळं बघून गेलाय त्यानं आता काय करायचं हे कुठं येत नाही, म्हणून लिहितोय.

गिऱ्हाईक येतं ते सीपीयू काखेत मारून. "भावा, आधी फॉरमॅट मार." म्हणजे सगळं पुसून विंडोज नवीन टाक. बँकेला फोन केला का विचारलं तर म्हणतात ते बघू नंतर, आधी हे साफ कर. आणि आमच्या धंद्यातली पोरं पण विचारत बसत नाहीत, मारतात फॉरमॅट. आता अ‍ॅनीडेस्कचंच घ्या (लांब बसून दुसऱ्याचं मशीन चालवायचं सॉफ्टवेअर), कुठल्या आयडीवरनं कोण किती वाजता आत आलं याची नोंद त्याच मशीनमध्ये एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये पडलेली असते, ती फॉरमॅटबरोबर गेली की तक्रारीला लावायला काय उरतं? निदान त्या फाइलचा, चोराच्या आणि बँकेच्या मेसेजचा मोबाईलवर फोटो तरी काढून ठेवा की.

खरं तर सगळ्यात आधी नेट तोडायचं. लॅनची वायर उपसा, वायफायचा राउटर बंद करा, त्याला बाय म्हणत बसू नका. मग बँकेला फोन, नेटबँकिंग, यूपीआय, कार्ड सगळं ब्लॉक. फोनमध्ये पण त्यानं काही ॲप टाकायला लावलं असेल तर घरातल्या दुसऱ्या कुणाचा तरी फोन घ्या. लगेच १९३० ला (सरकारची सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) फोन, नाही लागला तर सायबरक्राईम डॉट जीओव्ही डॉट इन वर तक्रार. पैसे एका खात्यातनं दुसऱ्या, दुसऱ्यातनं तिसऱ्या असे पळत असतात, मधे कुठं होल्ड लागला तर लागला, एटीएममधनं काढले की संपलं.

बँकेत तोंडी सांगून येऊ नका, तक्रार नंबर घ्या नाहीतर अर्जाच्या कॉपीवर तारीख-वेळेसकट शिक्का घ्या. रिझर्व्ह बँकेनं ६ जुलै २०१७ ला परिपत्रक काढलं आणि आपल्याकडं ज्यांची खाती जास्त त्या सहकारी बँकांसाठी तसंच डिसेंबर २०१७ मध्ये काढलंय. चूक ना तुमची ना बँकेची, अशी भानगड असेल आणि बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर नुकसान तुमच्यावर येत नाही. ओटीपी किंवा पिन तुम्हीच दिला असेल तर कळवेपर्यंत गेलेले पैसे तुमच्या माथी, पण कळवल्यानंतर जे जातील ते बँकेच्या. म्हणजे कळवलं किती वाजता, सगळं त्यावर आहे. आणि लोक लाजेपायी दोन-दोन दिवस घरात पण सांगत नाहीत, पोरगं ओरडेल म्हणून.

आता मशीनचं. आपल्या कोल्हापूरजवळच्या गांधीनगरच्या एका कापड व्यापाऱ्याचा पीसी आला होता. स्क्रीनवर मोठ्या आवाजात व्हायरसची वॉर्निंग आली, खाली मायक्रोसॉफ्टचा म्हणून नंबर होता, काकांनी लावला (मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या वॉर्निंगवर फोन नंबर कधीच नसतो). पैसे काही गेले नाहीत, अ‍ॅनीडेस्क त्यांनी स्वतःच काढून टाकलं आणि निवांत झाले. बघितलं तर आत दुसरं एक रिमोटचं सॉफ्टवेअर बसवलेलं, मशीन चालू केलं की आपोआप सुरू होणारं, पासवर्ड लावलेलं, म्हणजे समोरच्याला परवानगी मागायचीच गरज नाही. आणि मेलमध्ये एक फिल्टर, बँकेच्या नावाचा मेल आला की सरळ ट्रॅशमध्ये. काका म्हणाले, तरीच म्हटलं हल्ली बँकेचा मेल कसा येईना! जीएसटीचा पासवर्ड ब्राउझरमध्ये सेव्ह, डिजिटल सहीचा टोकन (पेन ड्राइव्हसारखा असतो तो) मागं लावलेलाच, हिशेबाची टॅली उघडी.

अशा ठिकाणी मी फॉरमॅटच मारतो, पण सगळ्यात शेवटी. विंडोज टाकायचा पेन ड्राइव्ह दुसऱ्या चांगल्या मशीनवर बनवायचा, सगळे ड्राइव्ह पुसून विंडोज नवीन टाकायची, बॅकअप फक्त फोटो, कागदपत्रं आणि टॅलीच्या डेटाचा, डाउनलोड केलेल्या सेटअप फाइल एक पण नाही. त्याच्या आधी दुसऱ्या मशीनवरनं मेलचा पासवर्ड बदला, सगळीकडनं लॉगआउट करा, रिकव्हरीचा नंबर आपलाच आहे का बघा, फिल्टर आणि फॉरवर्डिंग बघा. मेल पहिल्यांदा का, तर बाकी सगळ्यांचे पासवर्ड रिसेट होऊन तिथंच येतात. मग बँक, मग बाकीचे. लागण झालेल्या मशीनवर बसून नवीन पासवर्ड टाकणारे लय बघितलेत, म्हणजे परत त्यालाच दिला.

आधार-पॅनचे फोटो मशीनमध्ये असतील तर आधारचं बायोमेट्रिक लॉक करा, आणि काही महिने क्रेडिट रिपोर्टवर नजर ठेवा, सिबिलसारख्या प्रत्येक कंपनीकडनं वर्षातनं एकदा फुकट मिळतो, आपल्या नावावर कुणी कर्ज काढलंय का कळतं. आणि थोड्या दिवसांनी फोन येतोच, तुमचे पैसे सापडलेत, सोडवायला फी भरा. बऱ्याचदा तीच टोळी असते, नंबर त्यांच्या वहीत असतोच.

तर विनंती अशी, फसवणुकीची बातमी छापाल तेव्हा शेजारी एक चौकट टाकत जा, नेट तोडा, बँक, १९३०, मेलचा पासवर्ड, मग फॉरमॅट, याच क्रमानं. आणि १९३० जरा मोठ्या टायपात, म्हाताऱ्या माणसांना चष्म्याशिवाय दिसेल असा.

आपला,
एक कॉम्प्युटर दुरुस्तीवाला
राजारामपुरी, कोल्हापूर