मतदानाची तारीख ठरवताना ऊसतोडीचा हंगामही बघा

मा. मुख्य निवडणूक आयुक्त,
भारत निवडणूक आयोग, निर्वाचन सदन, नवी दिल्ली

सविनय नमस्कार.

२०२४ साली महाराष्ट्रात लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला होतं. साखर कारखान्यांचा गाळप हंगाम १५ नोव्हेंबरपासून सुरू करायचं सरकारने ठरवलं होतं. आणि विधानसभेचं मतदान आपण २० नोव्हेंबरला ठेवलंत. या तीन तारखा बीड जिल्ह्यात कुणासमोरही ठेवा, मतदानाच्या दिवशी आमच्या वाड्या-तांड्यांवर कोण उरलं असेल ते तो न विचारता सांगेल.

पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, धारूर, वडवणी, केज आणि शेजारच्या पाथर्डीतली माणसं दसऱ्यापासून ऊसतोडीसाठी बाहेर पडायला लागतात आणि दिवाळी झाली की गावं रिकामी होतात. कुणी कोल्हापूर-सांगलीकडे जातं, कुणी सातारा, सोलापूर, पुणे, तर कुणी सरळ बेळगावकडे. गाळप सुरू व्हायच्या आधी तळावर पोहोचून कोप्या (राहायच्या झोपड्या) उभ्या कराव्या लागतात, त्यामुळे हंगामाच्या तारखेच्या आधीच निघावं लागतं. परत येणं मार्च-एप्रिलला. राज्यातल्या ऊसतोड कामगारांचा आकडा दहा-बारा लाखांच्या घरात सांगितला जातो. कोयता नवरा-बायकोच्या जोडीने चालतो, म्हणजे एक कोयता गावाबाहेर गेला की एका घरातली दोन मतं जातात.

मी याच भागातला. माझ्या आधीच्या दोन पिढ्या उसाच्या फडावर राबल्या, म्हणून पुढचं ठामपणे लिहितो.

१९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३५ब प्रमाणे मतदानाच्या दिवशी कामगाराला भरपगारी सुट्टी मिळते. ऊसतोड कामगाराला ती देणार कोण? कारखान्याच्या हजेरीपटावर त्याचं नाव नसतं. त्याचा व्यवहार टोळी नेणाऱ्या मुकादमाशी, आणि तोही उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन झालेला. काम बंद ठेवलं की खाडा लागतो आणि उचलीतून फिटायची रक्कम तेवढी मागे राहते. कोल्हापूरहून पाटोद्याला जाऊन यायचं म्हणजे येण्या-जाण्यातच दोन दिवस मोडतात. भाडं वेगळं. बैलगाडीवाला असेल तर बैल कुणाच्या भरवशावर सोडायचे, हाही प्रश्न आहेच.

तरीही काही माणसं मतदानाला येतात. कशी येतात, हे आयोगाने पाहायला हवं. उमेदवाराच्या माणसांनी पाठवलेल्या गाड्यांतून येतात, मुकादम यादी करतो आणि टोळी भरून आणतो. मतदारांना फुकट वाहनाने केंद्रापर्यंत नेणं हा कायद्याने भ्रष्ट आचार आहे. पण दुसरी सोयच नसेल तर त्या माणसाने काय करावं? ज्याची उचल डोक्यावर आहे त्याच्याच गाडीतून मतदानाला यावं लागतं. अशा मताला आपण मुक्त मत म्हणणार असू तर मला ते मान्य नाही.

मतदानाची तारीख हलवता येत नाही, असं आयोगाला म्हणता येणार नाही. २०२३ मध्ये राजस्थानचं मतदान २३ नोव्हेंबरला होतं, त्या दिवशी लग्नांची मोठी तिथी होती म्हणून आपण ते २५ नोव्हेंबरवर नेलंत. २०२४ मध्ये हरियाणाचं मतदान बिश्नोई समाजाच्या उत्सवासाठी १ ऑक्टोबरवरून ५ ऑक्टोबरला गेलं. दोन्ही निर्णय योग्यच होते. लोक घरी नसतील तेव्हा मतदान ठेवू नये, हे तत्त्व आयोगाने त्यातून मान्य केलं. लग्न आणि उत्सव दोन-चार दिवसांचे असतात. आमची माणसं पाच-सहा महिने घराबाहेर असतात, आणि कधी जाणार हे दरवर्षी आधीपासून माहीत असतं.

२०१४ ला मतदान १५ ऑक्टोबरला झालं, २०१९ ला २१ ऑक्टोबरला. तेव्हाही काही टोळ्या निघालेल्या असायच्या, पण बहुतेक माणसं गावात होती. २०२४ मध्ये हरियाणाची निवडणूक आधी उरकली आणि महाराष्ट्र मागे राहिला. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १५ विधानसभेची मुदत संपण्याआधी सहा महिन्यांपर्यंत अधिसूचना काढू देतं. सध्याच्या विधानसभेची मुदत २०२९ च्या अखेरीस संपते. पावसाचे दिवस वगळले तरी सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरचा पहिला आठवडा मोकळा सापडू शकतो.

तेही जमणार नसेल, तर कलम ६० खाली ठरावीक वर्गांना टपाली मतदानाची मुभा देण्याचा अधिकार आपल्याकडे आहे. ८५ वर्षांवरील आणि ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या मतदारांसाठी आयोग घरापर्यंत जातो. विस्थापित काश्मिरी मतदारांसाठी दिल्ली, जम्मू आणि उधमपूरला खास केंद्रं असतात. मग कारखान्याच्या गट कार्यालयात बीड-अहिल्यानगरच्या मतदारांसाठी सुविधा केंद्र का उभं राहू नये? कोणती टोळी कोणत्या गटात आहे हे कारखान्याच्या शेतकी विभागाला रोजच्या रोज ठाऊक असतं, कारण त्याशिवाय उसाची तोड लावताच येत नाही. बाहेरगावाहूनच आपल्या मतदारसंघात मत देता यावं यासाठीच्या दूरस्थ मतदान यंत्राचं प्रात्यक्षिक आपण जानेवारी २०२३ मध्ये पक्षांना दाखवलंत, त्यावर आक्षेप आले. त्या यंत्राचा निकाल लागेपर्यंत ही माणसं थांबू शकत नाहीत.

मतदार यादीची काळजी मला याहून जास्त वाटते. बिहारमध्ये २०२५ च्या विशेष पुनरीक्षणात, म्हणजे याद्यांच्या फेरतपासणीत, प्रारूप यादीतून सुमारे ६५ लाख नावं बाहेर राहिली. मग ४ नोव्हेंबरपासून गोव्यासह बारा राज्यांत आणि केंद्रशासित प्रदेशांत घरोघर अर्ज वाटले गेले. आमच्याकडे नोव्हेंबरात बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) आला तर त्याला घरोघर कुलूप दिसेल, फार तर ओसरीवर एखादी म्हातारी आणि नातवंडं. त्याने ‘स्थलांतरित’ असा शेरा मारला की नाव गेलं. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात स्पष्ट लिहिलंय की तात्पुरतं बाहेर गेल्याने कुणी गावचा रहिवासी असणं थांबत नाही. हे वाक्य बीएलओच्या प्रशिक्षणात ठासून सांगायला हवं. आणि ऊसतोडीच्या तालुक्यांत घरोघर पडताळणी मे ते सप्टेंबरातच व्हावी. नोव्हेंबर ते मार्चमध्ये कुलूप दिसलं म्हणून एकही नाव कमी होऊ नये, असा लेखी आदेश हवा.

ग्रामपंचायतींचं मतदान १५ जानेवारी २०२१ ला झालं, नंतर १८ डिसेंबर २०२२ ला. दोन्ही वेळा ऐन हंगाम होता. ते काम राज्य निवडणूक आयोगाचं आहे, म्हणून या पत्राची प्रत त्यांनाही पाठवतो आहे.

मे २०२४ मध्ये, माणसं गावी परतलेली असताना, बीड लोकसभेचं मतदान झालं आणि निकाल ६,५५३ मतांच्या फरकाने लागला. आमच्या एका मोठ्या तांड्यासारखे दहा-बारा तांडे बाहेर असते तर निकाल काय आला असता, कुणालाच सांगता येणार नाही.

२०२९ चं वेळापत्रक ठरवायला बसाल तेव्हा साखर आयुक्तांकडून हंगामाचं नियोजन मागवून घ्या, आणि त्या बैठकीला ऊसतोड कामगारांच्या संघटनांनाही बोलवा.

आपला,
पाटोदा तालुक्यातील एक मतदार